कुणाच्या घड्याळाप्रमाणे?

प्रस्तावना

दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी कोलकात्यात दुपारचे साडेबारा वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कच्या रात्रीतून एक तास नाहीसा होतो. तिथे एक वाजून एकोणसाठ मिनिटांनंतर दोन वाजत नाहीत, थेट तीन वाजतात. कोलकात्यात त्या वेळी रविवारचे जेवण चाललेले असते, कचेऱ्या बंद असतात, कुणाच्या काही लक्षात येत नाही. परिणाम दिसतो तो सोमवारी, सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमधल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत. न्यूयॉर्कची सकाळी साडेनऊची मीटिंग हिवाळाभर इथे रात्री आठला होत होती, ती आता संध्याकाळी सातला व्हायला हवी. पण एकाच्या कॅलेंडरात सात दिसतात, दुसऱ्याच्या आठ, आणि तिसऱ्याच्या पडद्यावर दोन्ही वेळांना तीच मीटिंग उभी असते, कारण नवी नोंद आली तरी जुनी पुसली गेली नाही. लंडनमधला सहकारी नेहमीसारखा दुपारी अडीचला जोडला जातो, तोवर मीटिंग सुरू होऊन तास झालेला असतो. त्याच्याकडची घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत हलणारच नसतात.

हे पुस्तक त्या एका तासाबद्दल आहे. कॅलेंडर, दवाखान्याच्या अपॉइंटमेंटा, हजेरी, पेन्शन, तिकिटे, परीक्षांची वेळापत्रके, अशी कुठलीही प्रणाली लिहिणाऱ्या मराठी प्रोग्रॅमरने ते वाचावे, अशी इच्छा आहे. प्रोग्रॅम न लिहिणाऱ्यांनाही ते परके वाटणार नाही. ज्यांची मुले न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात आहेत अशा पुण्या-ठाण्यातल्या घरांना हा विषय पाठ आहे. ‘सध्या साडेनऊ तास की साडेदहा?’ आणि ‘तुमच्याकडे घड्याळं बदलली का?’ हे दोन प्रश्न तिथे वर्षातून दोनदा विचारले जातातच.

२०२४ साली भाऊबीज ३ नोव्हेंबरला आली, रविवारी. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेत घड्याळे एक तास मागे गेली. पुण्यात सकाळचे साडेअकरा वाजले तेव्हा न्यू जर्सीत रात्रीच्या दोनाचा एक झाला आणि दोन्ही गावांतले अंतर साडेनऊ तासांवरून साडेदहावर गेले. संध्याकाळी सातला पडद्यासमोर ओवाळायचे ठरवलेल्या बहिणीने शनिवारच्या हिशेबाने भावाला सकाळी साडेनऊची वेळ दिली असेल, तर प्रत्यक्षात तिचे सात वाजले तेव्हा तिकडे साडेआठच झाले होते. माणसे अशा वेळी फोन करून विचारतात आणि प्रश्न मिटतो. प्रोग्रॅम विचारत नाही. त्याला आधी जे सांगून ठेवले असेल तेच तो करतो.

‘आपल्याकडे डेलाइट सेव्हिंग नाही’ हे वाक्य मी या व्यवसायात सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य आहे, आणि माझ्या मते बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आहे. ज्याच्या घरचे घड्याळ वर्षातून दोनदा हलते तो प्रोग्रॅमर निदान दोन दिवस तरी सावध असतो. आपले घड्याळ हलतच नाही. ग्रिनिचमध्ये साडेपाच तास मिळवले की आपली वेळ, हे गणित बाराही महिने बरोबर येते, म्हणून इतरांचेही असेच असणार, हे न बोलता गृहीत धरले जाते. न्यूयॉर्क म्हणजे उणे पाच, लंडन म्हणजे शून्य, असे आकडे प्रोग्रॅममध्ये लिहिले जातात. चाचणी डिसेंबरात झाली तर सगळे बरोबर चालते. चूक मार्चमध्ये उगवते, तीही समुद्रापलीकडच्या माणसाच्या पडद्यावर. ज्याने ती केली त्याला ती स्वतःच्या यंत्रावर कधी दिसत नाही.

मूळ प्रश्न साधा आहे. ‘मंगळवारी सात वाजता भेटू’ हे एक वचन आहे, आणि ते कुणाच्या तरी घड्याळाप्रमाणे दिलेले असते. कोलकात्यातल्या माणसाने दर मंगळवारी संध्याकाळी सातची मीटिंग लावली, तर न्यूयॉर्कवाल्याला ती उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेआठला पडेल. न्यूयॉर्कवाल्याने सकाळी साडेनऊची लावली, तर कोलकात्याची संध्याकाळ सात आणि आठ यांच्यात सरकेल. यातले काहीच चूक नाही. कुणीतरी सरकायचेच असते, आणि कुणी सरकायचे हे वचन देताना ठरलेले असते. चूक तेव्हा होते जेव्हा सॉफ्टवेअर हे विसरते. बरेच प्रोग्रॅमर काटेकोरपणाच्या समजुतीने प्रत्येक वेळ ग्रिनिचच्या वेळेत, म्हणजे यूटीसीत, बदलून साठवतात आणि मूळ गावाचे नाव टाकून देतात. घडून गेलेल्या गोष्टीला हे उत्तम चालते. बँकेचा व्यवहार कधी झाला, सर्व्हर कधी बंद पडला, हे असेच नोंदवावे. पण पुढल्या नोव्हेंबरातली मीटिंग अजून घडलेली नाही. तिचे यूटीसी आजच्या नियमाने काढलेला अंदाज आहे. नियम बदलला की अंदाज चुकतो, आणि गावाचे नाव टाकून दिल्यामुळे तो दुरुस्त करायलाही काही उरत नाही.

२००७ साली हे जगभर एकदमच दिसले. अमेरिकेने २००५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने उन्हाळी वेळ लांबवली होती. एप्रिलच्या पहिल्या रविवारऐवजी मार्चचा दुसरा रविवार, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारऐवजी नोव्हेंबरचा पहिला. अंमल २००७ पासून होता. त्या वर्षी ११ मार्च ते १ एप्रिल या तीन आठवड्यांत पडणाऱ्या, जुन्या नियमाने साठवलेल्या असंख्य भेटी एका तासाने सरकल्या. दुरुस्तीचे प्रोग्रॅम निघाले, पण त्यांनाही एक गोष्ट कळेना: ही नोंद नियम बदलण्याआधीची की नंतरची? आधीची असेल तर हलवायची, नंतरची असेल तर हात लावायचा नाही. म्हणून काही बरोबर असलेल्या नोंदीही दुरुस्तीच्या भरात बिघडल्या. मीटिंगच्या विषयातच वेळ लिहा, असा सल्ला तेव्हा दिला जात होता. शब्दांत लिहिलेले ‘सकाळी साडेनऊ’ यंत्र बदलू शकत नव्हते, म्हणून तेवढेच भरवशाचे उरले होते. या पुस्तकाचे पहिले तीन भाग त्या वर्षावर खर्च केले आहेत, कारण पुढे आलेल्या जवळजवळ प्रत्येक चुकीचे बीज तिथे सापडते.

आता कोलकात्याकडे वळतो. पुण्यात, नागपुरात, पणजीत, कुठेही बसून प्रोग्रॅमला विचारा की तू कोणत्या वेळेत चालतोस, तो उत्तर देतो: आशिया/कोलकाता. हे नाव येते जगभरच्या वेळांच्या एका सामायिक डेटाबेसमधून. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला, पॉल एगर्ट तो सांभाळतात, आणि बहुतेक फोन व सर्व्हर त्याच्यावर विसंबून असतात. १९७० पासून ज्या प्रदेशाची घड्याळे एकसारखी चालली त्याला एक नाव, आणि ते तिथल्या सर्वांत मोठ्या शहराचे, हा त्याचा नियम. १९८१ च्या जनगणनेत महानगर म्हणून कोलकाता मुंबईहून मोठे होते. पुढे मुंबई वाढली, पण नुसती लोकसंख्या मागेपुढे झाली म्हणून रुळलेले नाव बदलायचे नाही, असाही नियम आहे. मुंबईचे नाव तिथे नाही याचे मराठी वाचकाला वाईट वाटते हे मी पाहिले आहे. मला स्वतःला नावाचे काही नाही. वाईट वाटते ते वेगळ्या कारणाने, आणि ते पुढे सांगतो.

शहराचे अधिकृत नाव २००१ मध्ये बदलले, डेटाबेसने ते २००८ मध्ये बदलले, आणि जुने ‘कॅलकटा’ टोपणनाव म्हणून ठेवून दिले. आजही काही ब्राउझर जुने नाव परत देतात, काही नवे. ज्या प्रोग्रॅमने दोन नावांची अक्षरे जुळवून ‘ही माणसे एकाच वेळेत आहेत का’ हे ठरवले, तो एकाच टेबलावर बसलेल्या दोघांना वेगवेगळ्या देशांत टाकतो. ही चूक किरकोळ वाटेल, पण ती शोधण्यात लोकांच्या रात्री गेल्या आहेत.

या नावाखाली डेटाबेसमध्ये मोजक्या ओळी आहेत, आणि मला त्या फार मोलाच्या वाटतात. पहिली ओळ शहराची स्वतःची सूर्यवेळ, ग्रिनिचच्या पुढे ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद. २८ जून १८५४ पासून हावड्याची वेळ, म्हणजे शेवटच्या २८ सेकंदांचे २० झाले, कारण रेल्वे आली. १८७० पासून मद्रासची वेळ, ५ तास २१ मिनिटे १० सेकंद. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तास. एवढे वाचून वाटते की सरकारी फतवा निघाला आणि शहरांनी घड्याळे फिरवली. तसे झाले नाही. रेल्वे आणि तार मद्रासच्या वेळेने चालत, शहर आपल्या वेळेने चालत असे, आणि कोलकात्याने आपली वेळ, प्रमाणवेळेच्या सुमारे चोवीस मिनिटे पुढची, स्वातंत्र्याच्या सुमारापर्यंत सोडली नाही.

मुंबईची गोष्ट याहून तीव्र आहे. मुंबई वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ लादून पाहिली होती, तो प्रयत्न विरोधामुळे दोन वर्षांत मागे घ्यावा लागला. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा गिरणी कामगारांना ती लगेच अंगावर जाणवली. भोंगा त्याच आकड्याला होणार, पण सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी. जानेवारीतच जेकब ससून गिरणीत या नव्या वेळेविरुद्ध कामगारांनी काम सोडले. महापालिकेने आपली घड्याळे मुंबई वेळेवरच ठेवली, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे शहरात दोन वेळा नांदत होत्या. भेट ठरवताना ‘स्टँडर्ड की मुंबई?’ असे विचारावे लागे. माझे वाईट वाटणे इथले आहे. डेटाबेसमध्ये या मुंबई वेळेची एकही ओळ नाही. १९३० साली मुंबईत जन्मलेल्या माणसाची जन्मवेळ आज कुठलाही प्रोग्रॅम बिनदिक्कत साडेपाच तासांनी हिशेबात धरतो, आणि ती ३९ मिनिटांनी चुकलेली असू शकते. यंत्र कसलीही शंका दाखवत नाही.

आणि भारतात डेलाइट सेव्हिंग कधीच नव्हते, हेही खरे नाही. दुसऱ्या महायुद्धात देशाची घड्याळे एक तास पुढे केली गेली. डेटाबेसच्या नोंदीप्रमाणे १ ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२, आणि पुन्हा १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५. यातून एक विचित्र गोष्ट निघते. १ सप्टेंबर १९४२ या दिवशी रात्रीचे बारा वाजलेच नाहीत, दिवस एक वाजता सुरू झाला. आता कितीतरी प्रणाली नुसती जन्मतारीख साठवायची असतानाही तिच्यामागे ‘रात्री शून्य वाजता’ असे आपणहून लावतात. त्या दिवशी जन्मलेल्या आजोबांची तारीख अशा प्रणालीत टाकली की ती सांगते: अशी वेळ अस्तित्वात नाही. जावाच्या जुन्या, लोकप्रिय जोडा-टाइम लायब्ररीत हा नकार स्पष्ट शब्दांत येतो. काही प्रणाली तोंडाने काहीच बोलत नाहीत आणि तारीख गुपचूप एक दिवस मागे नेतात. हे वाईट, कारण पेन्शनच्या खिडकीशी उभ्या म्हाताऱ्या माणसाचे दोन कागद मग एकमेकांशी जुळत नाहीत आणि सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते.

हा तास महाराष्ट्रात कुणी जपून ठेवला असेल तर पत्रिका मांडणाऱ्यांनी. युद्धकाळातली जन्मवेळ असेल तर त्यातून एक तास वजा करायचा, हे त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते, आणि मुंबईचा जन्म असेल तर वेळ स्टँडर्ड की मुंबई, हेही विचारले जाते. फलज्योतिषावर माझा विश्वास नाही. पण ‘ही वेळ कुठल्या घड्याळाची?’ हे विचारल्याखेरीज आकड्याला हात लावायचा नाही, ही शिस्त त्यांच्याकडे आहे आणि आमच्या व्यवसायात ती अजून पुरती आलेली नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

सेक्टर पाचमध्येच, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या शेजारी, महाकाश भवन आहे. तिथल्या पोझिशनल अॅस्ट्रॉनॉमी सेंटरमध्ये भारताचे राष्ट्रीय पंचांग तयार होते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीच्या कामातून ही परंपरा आली. त्या समितीत ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी ही दोन मराठी माणसे होती, आणि सचिव होते निर्मलचंद्र लाहिरी. समितीने देशाच्या तिथींसाठी एक मध्यवर्ती स्थान ठरवून दिले: ८२ अंश ३० कला पूर्व रेखांश, २३ अंश ११ कला उत्तर अक्षांश. म्हणजे दिवस कुठला, हे सांगण्याआधी तो कुठून मोजायचा ते त्यांनी लिहून ठेवले. आमच्या कामाचा हा पहिला धडा व्हायला हवा.

कारण तारखेच्या चुका तासाच्या चुकांपेक्षा जास्त दुखवतात. १५ ऑगस्टची सुट्टी ही तारीख आहे, क्षण नव्हे. पण ती ‘भारतातली मध्यरात्र’ म्हणून साठवली की यूटीसीत १४ ऑगस्ट, १८:३० होते. भारतातल्या प्रत्येक प्रोग्रॅमरने हे १८:३० कधी ना कधी पडद्यावर पाहिले आहे. तीच सुट्टी न्यू जर्सीतल्या फोनवर १४ ऑगस्टला दुपारी अडीचला सुरू होते, आणि २६ जानेवारी २५ च्या दुपारी दीडला. एकीकडे अडीच, एकीकडे दीड, हा फरक पुन्हा त्या उन्हाळी तासाचा. वाढदिवस, श्राद्धाची तिथी, परीक्षेचा दिवस, सगळे असेच आदल्या दिवशी जाऊन बसते. संकष्टीला तर क्षणही लागतो आणि गावही. मुंबई आणि कोलकात्याचे घड्याळ एकच, पण रेखांशात साडेपंधरा अंशांचा फरक, म्हणून कोलकात्यात चंद्र साधारण तासभर आधी उगवतो. कोलकात्याच्या हाजरा रोडच्या परिसरातली मराठी बाई मुंबईचा चंद्रोदय पाहून उपास सोडत नाही. फोनवरचे कॅलेंडर मात्र तिला बेधडक मुंबईची वेळ दाखवते, कारण दोन्ही शहरे ‘आशिया/कोलकाता’मध्येच येतात.

सरकारे ऐन वेळी नियम बदलतात, त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, इथे लेबनॉनचे एकच उदाहरण देतो. मार्च २०२३ मध्ये तिथल्या सरकारने घड्याळे पुढे करायला दोन-तीन दिवस उरले असताना ते महिनाभर पुढे ढकलले. चर्चने ते मानले नाही, काही वाहिन्यांनी मानले नाही, आणि देश काही दिवस दोन वेळांत जगला. फोन स्वतःहून एक वेळ दाखवत, मालक ती हाताने बदलत. मग निर्णयच मागे घेतला गेला. डेटाबेसलाही लागोपाठ दोन आवृत्त्या काढाव्या लागल्या. ज्या प्रणालींनी गाव आणि स्थानिक वेळ ठेवली होती त्या नवी आवृत्ती बसवताच सावरल्या. ज्यांनी नुसते यूटीसी ठेवले होते त्यांच्या नोंदी माणसांनी एकेक करून तपासल्या.

शेवटच्या प्रकरणाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण ते अजून न घडलेल्या गोष्टीवर आहे. आसामच्या चहामळ्यांत आजही ‘बागान टाइम’ चालतो, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे, कारण तिथे सूर्य फार लवकर उगवतो. ईशान्येला वेगळी वेळ हवी ही मागणी जुनी आहे. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तशी याचिका फेटाळली, पण दुसऱ्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी देशात दोन वेळा ठेवता येतील असा प्रस्ताव मांडला. त्यांची सीमारेषा ८९ अंश ५२ कलांवर होती. म्हणजे कोलकाता जुन्या वेळेत राहील, गुवाहाटी नव्या. मागणी योग्य की अयोग्य, हा या पुस्तकाचा विषय नाही. पण ती कधी मान्य झालीच, तर त्या दिवशी गुवाहाटीतल्या प्रत्येक रुग्णाची अपॉइंटमेंट, प्रत्येक विद्यार्थ्याची परीक्षा, प्रत्येक कामगाराची पाळी आपल्या डेटाबेसमध्ये ‘आशिया/कोलकाता’ या नावाखाली असेल. त्यातल्या कुठल्या नोंदी गुवाहाटीच्या आणि कुठल्या कोलकात्याच्या, हे त्या नावावरून कुणालाही वेगळे करता येणार नाही. म्हणून वेळेच्या रकान्याशेजारी माणसाचे गाव नोंदवणारा आणखी एक रकाना आजपासून ठेवावा, एवढी एक गोष्ट मी वाचकाकडून पुस्तक उघडण्याआधीच मागतो. तो कसा ठेवायचा आणि जुन्या नोंदींत कसा भरायचा, हे नवव्या प्रकरणात टप्प्याटप्प्याने दिले आहे.